रुबिक्स क्यूबच्या उत्सवात धाराशिवमधून कसं सहभागी व्हायचं? डूडल, अ‍ॅप आणि अधिकृत स्पर्धेची माहिती

१९ मे २०१४ रोजी गुगल उघडलं की नेहमीच्या लोगोच्या जागी एक रुबिक्स क्यूब दिसायचा. नुसतं चित्र नव्हतं ते. माऊसने किंवा बोटाने त्याच्या बाजू खरोखर फिरवता यायच्या आणि तो तिथेच सोडवताही यायचा. निमित्त होतं क्यूबला ४० वर्षं पूर्ण झाल्याचं. लोकसभेचे निकाल लागून तीनच दिवस झाले होते, त्यामुळे नवीन खासदारांची नावं शोधायला आलेली कितीतरी माणसं त्या दिवशी क्यूबमध्येच अडकली असणार!

एखाद्या खेळण्याचा वाढदिवस असा साजरा झाला की त्यात कोणालाही भाग घेता येतो. तिकीट नाही, निवड चाचणी नाही, पुण्या-मुंबईत राहायची अट नाही. पण डूडल एका दिवसाचं. खरा उत्सव वर्षभर चालतो आणि तो म्हणजे जगभर होणाऱ्या क्यूबच्या खुल्या स्पर्धा. धाराशिव, तुळजापूर, कळंब किंवा परंड्यात बसून हातात फक्त स्मार्टफोन असेल तर या सगळ्यात कुठून शिरायचं, फोन कुठे मदत करतो आणि कुठे आपली मजा हिरावून घेतो, हे या लेखात बघू.

आधी थोडा इतिहास

एर्नो रुबिक हे हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये डिझाइन शिकवणारे प्राध्यापक. १९७४ मध्ये त्यांनी क्यूबचा पहिला नमुना लाकडात बनवला. तुकडे एकमेकांभोवती फिरतील पण सुटून पडणार नाहीत, असं काही बनवता येतं का, हा त्यांचा प्रश्न होता. बनवला, फिरवला, आणि मग तो पुन्हा जुळवायला स्वतः रुबिक यांनाच सुमारे महिना लागला. त्यामुळे तुमचा क्यूब चार दिवसांत सुटला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

हंगेरीत हे खेळणं ‘जादूचा क्यूब’ अशा अर्थाच्या नावाने १९७७ मध्ये विक्रीला आलं. १९८० मध्ये एका अमेरिकन कंपनीने ते ‘रुबिक्स क्यूब’ या नावाने जगभर नेलं. पहिली जागतिक स्पर्धा ५ जून १९८२ रोजी बुडापेस्टमध्येच झाली. अमेरिकेचा मिन्ह थाय २२.९५ सेकंदांत जिंकला. त्यानंतर लाट ओसरली, ती इतकी की दुसरी जागतिक स्पर्धा व्हायला २००३ उजाडलं. ती टोरंटोत झाली. पुढच्याच वर्षी वर्ल्ड क्यूब असोसिएशन, म्हणजे डब्ल्यूसीए, स्थापन झाली. क्यूब परत आला तो मुख्यतः इंटरनेटमुळे, कारण सोडवायच्या पद्धती लोक एकमेकांना फुकट शिकवू लागले.

आता वेग कुठे गेलाय ते बघा. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या मॅक्स पार्कने ३.१३ सेकंदांत क्यूब सोडवला. एप्रिल २०२५ मध्ये चीनच्या शुआनयी गेंगने ३.०५ सेकंदांत. गेंगचं वय तेव्हा सात वर्षं.

डूडल आतून कसं चालायचं?

खऱ्या क्यूबमध्ये बाहेरून दिसणारे २६ तुकडे असतात: मधले ६, कडेचे १२ आणि कोपऱ्यांचे ८. डूडलमध्ये हे तुकडे ब्राउझरने रेखाटले होते. वेबपेजवरची बटणं आणि चौकटी ज्या सीएसएसने सजवतात, त्याच सीएसएसमध्ये एखादी चौकट त्रिमितीत फिरवायची सोय असते. छोटे चौकोन नेमक्या जागी, नेमक्या कोनात ठेवले की क्यूब तयार. एक बाजू फिरवायची म्हणजे नऊ तुकड्यांचा गट करायचा आणि त्याला ९० अंशांत वळवायचं. हिशोब जावास्क्रिप्ट ठेवतं, चित्र हलवायचं काम फोनची ग्राफिक्स चिप करते.

यातला अवघड भाग दिसायला अगदी साधा आहे. तुम्ही स्क्रीनवर बोट उजवीकडे सरकवता, तेव्हा तुम्हाला वरचा थर फिरवायचाय की पूर्ण क्यूब? स्क्रीन सपाट, क्यूब त्रिमित. बोट कोणत्या तुकड्यावर टेकलं आणि सरकण्याची दिशा कोणत्या अक्षाशी जास्त जुळते, यावरून प्रोग्रॅमला अंदाज बांधावा लागतो. म्हणून अशा क्यूबवर कधीकधी भलताच थर फिरतो. दोष तुमच्या बोटाचा नसतो.

२०१४ मध्ये जिओ यायला अजून दोन वर्षं होती. आपल्याकडे बहुतेकांच्या फोनवर टू-जी आणि डेटा पॅक जपून वापरायची सवय. त्यामुळे हे डूडल तेव्हा हुकलेले खूप जण आहेत. गुगलच्या डूडल संग्रहात ‘रुबिक्स क्यूब’ शोधा आणि खेळून बघा. शक्यतो फोन आडवा धरा किंवा मोठ्या स्क्रीनवर उघडा, कारण लहान स्क्रीनवर बोटाखाली अर्धा क्यूब झाकला जातो.

माझं मत विचाराल तर शिकायची सुरुवात मात्र हातातल्या क्यूबने करा. स्क्रीनवर मागची बाजू दिसत नाही आणि बोटांना सवय लागत नाही.

नुसतं फिरवत राहिलं तर कधीतरी जुळेल का?

नाही. क्यूबच्या एकूण वेगवेगळ्या अवस्था ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० आहेत. सेकंदाला एक या वेगाने सगळ्या बघायच्या म्हटलं तर विश्वाचं आजचं वय साधारण शंभर वेळा खर्ची पडेल.

गंमत म्हणजे एवढ्या अवस्थांपैकी कोणतीही घ्या, ती जास्तीत जास्त २० चालींत सुटते. याला ‘गॉड्स नंबर’ म्हणतात. हे २०१० मध्ये सिद्ध झालं. टॉमस रोकिकी, हर्बर्ट कोसिएम्बा, मॉर्ली डेव्हिडसन आणि जॉन डेथरिज या चौघांनी समान अवस्था एकत्र करून काम कमी केलं आणि उरलेलं गणित गुगलच्या रिकाम्या संगणकांवर चालवलं. एकाच संगणकावर चालवलं असतं तर सुमारे ३५ वर्षं लागली असती.

आता एक प्रयोग करा. जुळलेला क्यूब घ्या. उजवी बाजू वर, वरचा थर डावीकडे, उजवी बाजू खाली, वरचा थर उजवीकडे. हे चार चालींचं चक्र. एकदा केलं की क्यूब बिघडतो, तीनदा केलं की अजून अनोळखी दिसतो. न घाबरता बरोबर सहा वेळा करा, क्यूब आपोआप जुळतो. सोडवायच्या सगळ्या पद्धती अशाच छोट्या चक्रांवर उभ्या आहेत: काही तुकडे हलवायचे आणि बाकीचे होते तिथे परत आणायचे.

कॅमेरावाली अ‍ॅप्स: वापरा, पण कशासाठी?

प्ले स्टोअरवर ‘क्यूब सॉल्व्हर’ टाकलं की ढीगभर अ‍ॅप्स येतात. सहा बाजूंचे फोटो काढा, अ‍ॅप ५४ चौकोनांचे रंग ओळखतं आणि कुठली बाजू कधी फिरवायची ते सांगतं. आत बहुतेक वेळा कोसिएम्बा यांचीच दोन टप्प्यांची पद्धत असते. पहिल्या टप्प्यात क्यूब अशा स्थितीत आणायचा की पुढे मोजक्याच प्रकारच्या चाली पुरतील, दुसऱ्या टप्प्यात त्या मोजक्या चालींनी संपवायचा. फोन हे क्षणात करतो.

अडचण रंगांची येते. पिवळ्या बल्बखाली पांढरा आणि पिवळा एकसारखे दिसतात, संध्याकाळच्या उजेडात लाल आणि नारिंगी. दिवसा खिडकीपाशी, थेट ऊन न पडता फोटो काढा. रंग बरोबर असूनही अ‍ॅप ‘हा क्यूब सुटू शकत नाही’ म्हणालं तर ते बहुधा खरं बोलतंय. क्यूब पडून तुकडे सुटले आणि कोणी ते कसेही बसवले, तर तो पुन्हा सुटण्यासारखा असण्याची शक्यता १२ पैकी १ एवढीच. घरातल्या लहान भावाने स्टिकर उचकटून परत चिकटवले असतील तर विचारूच नका. अशा वेळी सगळे तुकडे काढून जुळलेल्या स्थितीत बसवणं हाच उपाय.

क्यूब बिघडलाय की नाही हे तपासायला हे अ‍ॅप उत्तम. पण रोज त्यात बघून क्यूब सोडवला तर शिकणं शून्य. वीसेक चाली तुम्ही केल्या, पण त्यातली एक का केली हे सांगता येणार नाही. रीलसाठी चालून जाईल. स्पर्धेच्या टेबलावर मात्र फोन वापरायला बंदी असते.

शिकण्यासाठी फोन वापरायचा तर थरांच्या पद्धतीचे व्हिडिओ बघा: आधी पांढरा प्लस, मग पहिला थर, दुसरा थर, शेवटी पिवळी बाजू. हिंदी-मराठीत भरपूर आहेत. व्हिडिओ डाउनलोड करून अर्ध्या वेगाने चालवा. एक गोष्ट नक्की तपासा. शिकवणारा तुमच्याकडे तोंड करून बसलेला असेल तर त्याचं उजवं तुमच्या डावीकडे येतं, आणि सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ आरशासारखा उलटा असू शकतो. दोन दिवस डोकं खाजवून ‘मला जमतच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काहींचा गोंधळ एवढाच असतो. कॅमेरा शिकवणाऱ्याच्या हातांच्या वरून लावलेला असेल तो व्हिडिओ निवडा.

वेळ मोजायला ‘सीएसटायमर’ ही फुकट वेबसाइट पुरेशी आहे. ती ब्राउझरमध्ये चालते, क्यूब बिघडवायची यादी देते आणि सरासरीही काढते. ब्लूटूथवाले स्मार्ट क्यूबही मिळतात, ते तुमची प्रत्येक चाल फोनला कळवतात. सरावाला मजेशीर, पण अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत. चुंबकवाला साधा क्यूब चालतो. ब्रँडची सक्ती नाही, स्पर्धेत या प्रकाराचं अधिकृत नावसुद्धा ‘३×३×३ क्यूब’ एवढंच आहे.

अधिकृत स्पर्धा म्हणजे नेमकं काय?

बहुतेकांना वाटतं की स्पर्धेला जायला दहा-पंधरा सेकंदांत क्यूब सुटायला हवा. तसं काही नाही. नियमांनुसार एका प्रयत्नासाठी नेहमीची मर्यादा १० मिनिटांची आहे. आयोजक ती कमी करू शकतात, पण ते स्पर्धेच्या पानावर आधी लिहिलेलं असतं. काही प्रकारांत ‘कटऑफ’ असतो, म्हणजे पहिल्या एक-दोन प्रयत्नांत ठरावीक वेळ गाठली तरच पुढचे प्रयत्न मिळतात. नाव नोंदवण्याआधी या दोन गोष्टी वाचा. तुमचा क्यूब दीड-दोन मिनिटांत सुटत असेल आणि मर्यादेत बसत असेल तर तुम्ही स्पर्धक आहात. वयाची अटही नाही.

नोंदणी डब्ल्यूसीएच्या वेबसाइटवरून होते. फुकट खातं उघडायचं, स्पर्धांच्या यादीत भारत निवडायचा आणि जवळची शहरं बघायची. जागा मर्यादित असतात. नोंदणी ठरलेल्या वेळेला उघडते आणि लोकप्रिय स्पर्धा पटकन भरतात, म्हणून फोनमध्ये अलार्म लावून ठेवा. फी किती, रद्द केल्यास परत मिळते का, तेही त्याच पानावर असतं.

नाव आणि जन्मतारीख ओळखपत्रावर आहे तशीच टाका. पहिल्यांदा येणाऱ्यांची ओळख तिथे तपासतात. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि घरी तिसरंच, असा प्रकार असतो. जे कार्ड घेऊन जाणार त्यावरचंच नाव लिहा.

आता टेबलावर काय होतं ते. तुमचा क्यूब तुम्ही जमा करता. स्वयंसेवक तो ठरलेल्या यादीप्रमाणे बिघडवतात आणि झाकून आणतात. तुमच्या गटातल्या सगळ्यांना तीच यादी, त्यामुळे नशिबाचा भाग कमी. झाकण उचललं की १५ सेकंद निरीक्षणाला मिळतात. क्यूब हातात घेऊन सगळीकडून बघता येतो, पण एकही थर फिरवायचा नाही. जज ८ आणि १२ सेकंदांना आवाज देतो. क्यूब खाली ठेवायचा, दोन्ही तळवे टायमरवर, हिरवा दिवा लागला की हात उचलायचे. सुटला की क्यूब सोडून दोन्ही तळव्यांनी टायमर थांबवायचा.

आणि मग क्यूबला हात लावायचा नाही. नवीन लोक इथेच फसतात. आनंदाच्या भरात क्यूब उचलला तर प्रयत्न ‘डीएनएफ’, म्हणजे अपूर्ण, धरला जाऊ शकतो. निरीक्षणाला १५ सेकंदांपेक्षा थोडा जास्त वेळ घेतला किंवा शेवटी एक चाल राहिली तर २ सेकंदांचा दंड असतो. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून जाण्याआधी नियमावलीची चालू आवृत्ती वाचून जा.

असे पाच प्रयत्न. सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट वगळून उरलेल्या तिघांची सरासरी काढतात. म्हणजे एक डीएनएफ झाला तरी सरासरी वाचते, दोन झाले की जाते. डब्ल्यूसीएत असे एकूण १७ प्रकार आहेत: २×२ पासून ७×७ पर्यंत, एका हाताने, डोळ्यांवर पट्टी बांधून, शिवाय पिरॅमिंक्ससारखी वेगळी कोडी. पायांनी क्यूब सोडवायचा प्रकारही होता, तो २०२० पासून बंद झाला.

स्पर्धा झाली की निकाल डब्ल्यूसीएच्या साइटवर चढतो आणि तुम्हाला कायमचा ओळख क्रमांक मिळतो: पहिल्या स्पर्धेचं वर्ष, आडनावाची पहिली चार अक्षरं आणि दोन अंक. तुमची १ मिनिट ४० सेकंदांची सरासरी आणि जगज्जेत्याची सरासरी एकाच डेटाबेसमध्ये, एकाच नियमाने नोंदवलेली असते. २०२४ मध्ये संघटनेला २० वर्षं झाली, तेव्हा ऑक्टोबर महिना खास नवख्यांसाठी साजरा झाला आणि स्पर्धांमध्ये पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी जागा राखून ठेवण्यात आल्या.

धाराशिवहून जायचं तर

पुणे, मुंबई, हैदराबाद आणि बेंगळुरूवर लक्ष ठेवा. धाराशिव, कळंबकरांना रात्रीची लातूर-मुंबई एक्सप्रेस कुर्डुवाडी, दौंडमार्गे पुण्याला नेते. उमरगा, नळदुर्गकरांना सोलापूर-हैदराबाद महामार्ग दारातच आहे, त्यामुळे हैदराबादची स्पर्धा सोयीची पडू शकते. वेळापत्रकात तुमचा प्रकार कोणत्या दिवशी, किती वाजता आहे ते बघूनच तिकीट काढा. फक्त ३×३ ची पहिली फेरी खेळायची असेल तर मुक्कामाचा खर्च वाचू शकतो. फीपेक्षा प्रवास महाग पडतो हे उघड आहे, म्हणून दोघं-तिघं मित्र मिळून, एका मोठ्या माणसासोबत गेलेलं परवडतं.

आता पैशाशी संबंधित एक गोष्ट, विशेषतः पालकांनी वाचावी अशी. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘राष्ट्रीय पातळी’, ‘जागतिक विक्रम’ अशा नावाच्या स्पर्धांचे मेसेज फिरतात. फी भरा, व्हिडिओ पाठवा, पदक आणि प्रमाणपत्र घरपोच. मुलाला हौस म्हणून द्यायचं तर तुमची मर्जी. पण ती अधिकृत आहे का, हे तपासायला दोन मिनिटं लागतात. डब्ल्यूसीएच्या साइटवर स्पर्धेचं नाव शोधा. तिथे नसेल तर निकाल कुठल्याही जागतिक क्रमवारीत जाणार नाही, पोस्टरवर काहीही छापलेलं असो. अधिकृत स्पर्धेला डब्ल्यूसीएचा प्रतिनिधी प्रत्यक्ष हजर लागतो. घरून व्हिडिओ पाठवून अधिकृत वेळ मिळत नाही. तेवढ्या पैशात पुण्याचं तिकीट निघत असेल तर मी तिकीट काढीन.

गावातच साजरा करायचा असेल तर

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवात क्यूबचा कार्यक्रम करायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त त्याला ‘अधिकृत’ म्हणू नका. टायमर म्हणून फोन, क्यूब झाकायला स्टीलचं पातेलं आणि सगळ्यांना एकच बिघडवायची यादी, एवढ्यात नियमाप्रमाणे स्पर्धा होते.

सोडवता न येणाऱ्यांनाही घ्यायचं असेल तर क्यूबचं मोझेक करा. प्रत्येक क्यूबची समोरची बाजू म्हणजे ९ पिक्सेल. २५ क्यूब पाच-पाचच्या रांगेत ठेवले तर १५ बाय १५ चं, २२५ पिक्सेलचं चित्र होतं. नळदुर्गच्या बुरुजाची ढोबळ आकृती त्यात आरामात बसते. रंग सहाच, पण समोरच्या बाजूवर हवी ती नक्षी आणता येते, कारण मागे काय झालंय ते कोणी बघत नाही. चौकोनी वहीच्या पानावर १५ बाय १५ चा आराखडा रंगवा, तीन-तीन चौकोनांचे गट पाडा, प्रत्येक गटाला क्रमांक द्या आणि पोरांना एकेक गट वाटून टाका. क्यूब मागून-पुढून घरोघरचे गोळा करा. फक्त रंगांच्या छटा सारख्या आहेत का ते आधी बघा, नाहीतर दोन वेगवेगळे हिरवे एकाच बुरुजावर येतात. परत देताना घोळ नको म्हणून प्रत्येक क्यूबचा आणि मालकाचा एकत्र फोटो काढून ठेवा.